गेज शून्यावर आलं म्हणजे लाईन रिकामी झाली का?

प्रश्न : अमोनियाच्या रेफ्रिजरेशन प्लांटवर लिक्विड लाईनचा स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) साफ करायचं काम माझ्याकडे असतं. कॉम्प्रेसरने लाईनमधला गॅस खेचून घेतला, गेज शून्यावर आलं की मी लगेच बोल्ट सोडायला घेतो, पण आमचे सिनियर प्रत्येक वेळी म्हणतात की अजून थांब. प्रॉडक्शनवाले तर डोक्यावर बसलेले असतात. खरंच थांबायची गरज असते का?

हो, असते, आणि सिनियर अगदी बरोबर सांगतायत. अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंशाला उकळतो, म्हणजे लाईनमध्ये तेवढा थंड लिक्विड पडून असेल तर गेज शून्यच दाखवणार आणि आत मात्र माल शिल्लक. तुम्ही खेचत राहता तेव्हा उकळताना तो स्वतःचीच उष्णता घेतो, आणखी थंड होतो, म्हणून काटा छान खाली बसतो, पण खेचणं थांबवलं आणि धातू गरम व्हायला लागला की दाब परत वर. २० अंशाला लिक्विड अमोनियाचा दाब साधारण ७.५ बार असतो, आणि तो बाहेर येऊन वाफ झाला की त्याचं आकारमान काही शेकडो पट होतं, हे डोक्यात ठेवा.

म्हणून खेचून झालं की लाईन बंद करून काट्यावर लक्ष ठेवायचं. हळूहळू चढायला लागला तर एक तर आत लिक्विड आहे नाहीतर एखादा व्हॉल्व्ह पासिंग आहे, म्हणजे बंद असूनही आतून गळतोय, दोन्हीपैकी काहीही असलं तरी खोलायचं नाही, परत खेचायचं. किती मिनिटं थांबायचं ते घड्याळावर ठरत नाही, काटा जागेवर राहतो का आणि पाईपवरचा बर्फ सुटला का यावर ठरतं. स्ट्रेनरच्या बुडाला हात न लावता नुसतं बघा, बाकी सगळीकडचा बर्फ वितळून पाणी टपकतंय आणि खाली तेवढाच पांढरा पट्टा राहिलाय, तर तिथे लिक्विड आहे हे नक्की समजा. तेलही तिथेच बसतं, नेहमीचं मिनरल ऑईल लिक्विड अमोनियापेक्षा जड असतं ना, आणि त्या तेलात अडकलेला गॅस झाकण हललं की फेसाळून वर येतो.

आता व्हॉल्व्ह कुठल्या क्रमाने बंद करायचे, कारण इथे खूप लोक चुकतात. आधी फक्त लिक्विड येण्याच्या बाजूचा बंद करा, पुढची बाजू उघडी ठेवून थंड करणाऱ्या कॉइलमधून सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या ओढणाऱ्या बाजूला, ओढू द्या, मध्ये सोलेनॉईड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) असेल तर तो खालच्या दांड्याने हाताने उघडा, नाहीतर तो बंदच राहतो आणि मागे भरलेला लिक्विड तसाच. पुढचा व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी. दोन्ही एकदम बंद केले तर भरलेला लिक्विड मध्ये कोंडला जातो, गरम होऊन फुगायला त्याला जागाच नसते आणि नुसत्या त्या दाबाने पाईप किंवा व्हॉल्व्हची बॉडी फुटू शकते. सोलेनॉईड किंवा चेक व्हॉल्व्हच्या (एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) भरवशावर लाईन कधीच खोलू नका, हाताने बंद होणाराच व्हॉल्व्ह हवा, त्याला कुलूप, टॅग, आणि चावी तुमच्याच खिशात.

बोल्ट सोडताना तोंडासमोरचा आधी सोडायचा नाही, तुमच्यापासून लांबचा आधी ढिला करायचा, नट पूर्ण काढायचे नाहीत, म्हणजे काही निघालंच तर पलीकडे निघेल आणि परत आवळता येईल. बाजूला उभे राहा, बाहेर पडायची वाट पाठीमागे मोकळी ठेवा आणि दुसरा माणूस मास्क घालून तयार असल्याशिवाय पान्याला हात लावू नका. प्रॉडक्शनवाल्यांना थेट सांगा की काटा चढतोय, मी खोलणार नाही.

प्रश्न : उरलेला गॅस होजने पाण्यात सोडतात, त्यात काय धोका?

पाणी उलटं लाईनमध्ये ओढलं जाण्याचा. अमोनिया पाण्यात इतक्या वेगाने विरघळतो की गॅस कमी पडला की होजमध्ये व्हॅक्यूम होऊन पाणी वर चढतं, म्हणून चेक व्हॉल्व्ह लावा आणि होज सोडून कुठे जाऊ नका. ते पाणी नंतर गटारात ओतू नका, त्वचा आणि डोळे जाळतं. आणि सांडलेल्या लिक्विडवर पाणी कधीच मारू नका, त्याने उलट भसकन गॅस उठतो.

प्रश्न : कॅनिस्टर (गॅस शोषणारा डबा) लावलेला मास्क पुरेसा आहे का?

पूर्ण चेहऱ्याचा आणि अमोनियाचाच कॅनिस्टर असेल तर ठरवून केलेल्या कामाला चालतो, अर्ध्या मास्कमध्ये डोळे उघडेच राहतात त्यामुळे तो नको. पण हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) ही जिवाला धोका मानलेली पातळी आहे, तिथून पुढे किंवा आकडाच माहीत नसेल तर पाठीवर सिलिंडर असलेला श्वसनसंचच लागतो. वासावर अंदाज बांधू नका, थोड्या वेळाने नाकाला सवय होते, डिटेक्टर जवळ ठेवा. डोळ्यात गेलंच तर लगेच पाणी, पापण्या उघड्या धरून कमीत कमी १५ मिनिटं, आणि मग डॉक्टर. तो आयवॉश काम सुरू करायच्या आधी एकदा चालवून बघा, कारण डोळे मिटलेले असताना नळ सुरू होत नाही हे कळून उपयोग नसतो.