खाडीच्या गाळातले परागकण: सुरुवात करताना

पहिल्याच गाभ्याचं (तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या तुकड्याचं) वय परागकणांवरून काढायला बसू नका. गेल्या १०,००० वर्षांतल्या गाळाचं वय रेडिओकार्बनने (अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून) काढा; परागकण सांगतात तेव्हा तिथे काय उगवत होतं ते.

आधी आजच्या झाडांचे परागकण ओळखायला शिका. कांदळ या खारफुटीच्या झाडाचा कण जेमतेम २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो डोळ्यांत बसेपर्यंत स्लाइडी पाहत राहा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

– कणांची टक्केवारी म्हणजेच झाडांची संख्या समजणं. कांदळ भरपूर पराग उधळतो, तिवर ही दुसरी खारफुटी अगदी कमी. तिवराचे चारच कण दिसले, तरी काठावर तिवरांचं रान असू शकतं.
– शंभर कणांवर थांबणं. निदान ३०० मोजा.

आणि गाळातली वाळू विरघळवायला वापरतात त्या जहाल हायड्रोफ्लुओरिक आम्लाला एकट्याने हात लावू नका, कधीच. आकडेमोडीचं नंतर बघू. पहिला कांदळ ओळखलात की नक्की कळवा.