वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा रोबो आणि पायथॉनचे पहिले धडे

(पायथॉन ही संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा आहे. या सदरातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.)

प्रश्न : आठवीत ४० मुले आहेत, चालू संगणक १०. इंटरनेटचा भरवसा नाही. पडद्यावरच्या रोबोने पायथॉन शिकवायचे तर सुरुवात कुठून करावी? (शिक्षिका, कोरेगाव)

संगणकापासून नको, व्हरांड्यातल्या फरशीपासून करा. एक फरशी म्हणजे एक घर. खडूने भिंती आखा. एका मुलाला रोबो करा, दुसऱ्याने आज्ञा द्यायच्या. आज्ञा दोनच : ‘मूव्ह’, म्हणजे एक फरशी पुढे, आणि ‘टर्न_लेफ्ट’, म्हणजे जागच्या जागी डावीकडे काटकोनात वळणे. रोबो झालेल्या मुलाने मनाने काहीही करायचे नाही, हा नियम कडक पाळा. समोर भिंत असताना ‘मूव्ह’ आली तर थांबून ‘आदळलो’ म्हणायचे. उजवीकडे वळायची आज्ञाच नसल्याने मुले अडतात आणि थोड्या वेळाने कुणीतरी तीनदा डावीकडे वळवून दाखवते. ते उत्तर तुम्ही सांगू नका. पुढे ‘डेफ’ वापरून ‘टर्न_राइट’ हे फंक्शन (नाव दिलेला आज्ञांचा संच) लिहायची वेळ येते, तेव्हा फंक्शन कशासाठी असते हे त्यांना आधीच कळलेले असते.

नेट असेल त्या दिवशी ब्राउझरमध्ये ‘रीबोर्ग्ज वर्ल्ड’ हे रीबोर्ग नावाचा रोबो चालवायचे संकेतस्थळ उघडा. याच दोन आज्ञा तिथे चालतात, आणि रोबोचे तेल गळत असल्यामुळे तो कुठून गेला याची रेघ पडद्यावर राहते. नेट नसेल त्या दिवशी पायथॉनसोबतच येणारे ‘टर्टल’, म्हणजे पडद्यावर रेघ काढत चालणारे कासव, वापरा. (संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू असेल तर ‘पायथॉन३-टीके’ हे पॅकेज बहुधा वेगळे घालावे लागते. ते आधीच घालून ठेवा.)

वर्गाचे दोन गट करा, म्हणजे एका संगणकावर दोघे बसतील. एकाच्या हाती कीबोर्ड, दुसऱ्याच्या हाती चौकटीची वही, दर १० मिनिटांनी अदलाबदल. ‘रन’ दाबण्याआधी वहीवाल्याने रोबो कोणत्या घरात थांबेल ते टिंबाने आणि तोंड कुठे असेल ते बाणाने दाखवायचे. टिंब नसेल तर ‘रन’ नाही. ही सवय लागली नाही तर मुले अंदाजाने आकडे बदलत बसतात, रोबो कधीतरी बरोबर पोचतो आणि शिकणे मात्र झालेले नसते.

प्रश्न : आमची बरीच मुले भिलार-महाबळेश्वरकडची, म्हणून स्ट्रॉबेरीच्या वाफ्याचे कोडे दिले. ओळीत सहा घरे, प्रत्येकात एक फळ, शेवटच्या घरापुढे भिंत. मुले लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) सहा वेळा फिरवतात आणि रोबो आदळतो. पाच केले तर एक फळ राहते. (शिक्षक, वाई)

कोडे फार चांगले निवडले आहे. स्ट्रॉबेरी ही वस्तू रीबोर्गमध्ये मुळातच आहे, त्यामुळे वेगळे चित्र करावे लागत नाही. रोबो पहिल्या फळावरच उभा असेल तर उचलणे सहा वेळा आणि चालणे पाच वेळा होते. कुंपणाला सहा खांब असले तर मधली अंतरे पाचच, तसेच हे. लूपमध्ये दोन्ही आज्ञा असल्याने त्या सारख्याच वेळा चालतात. म्हणून लूप पाचचा आणि शेवटचे उचलणे (‘टेक’) लूपच्या बाहेर :

फॉर आय इन रेंज(५):
    टेक()
    मूव्ह()
टेक()

शेवटची ओळ डावीकडे समासाला लागून आहे, हे मुलांना बोट ठेवून दाखवा. तीच ओळ चार स्पेस आत गेली की ती लूपचा भाग होते. मग रोबो पहिले फळ उचलतो, दुसऱ्या घरात जाऊन तिथलेही उचलतो आणि पुढच्या फेरीत त्याच रिकाम्या घरात ‘टेक’ करायला गेल्यावर चूक दाखवतो. हा बिघाड एकदा मुद्दाम घडवून आणा. फळ्यावर इंडेंटेशनची (ओळ आत सरकवण्याची) व्याख्या लिहिण्यापेक्षा त्याने लवकर समजते.

प्रश्न : टर्टलला तीनदा ६० अंशांत वळवूनही त्रिकोण होत नाही. (विद्यार्थी, इयत्ता नववी, सांगली)

६० हा त्रिकोणाचा आंतरकोन झाला. कासव मात्र सरळ जात असताना किती वळायचे ते विचारते, म्हणजे बाह्यकोन. तो १२०. तू काढलास तो षटकोनाचा अर्धा भाग आहे. लूप सहाचा कर, षटकोन पुरा होईल. सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या कोणत्याही बहुभुजाकृतीसाठी ३६० भागिले बाजूंची संख्या, कारण घरी परत येईपर्यंत कासवाची एक गिरकी पूर्ण होते. पाच टोकांच्या चांदणीला १४४ लागतात. पाच वेळा १४४ म्हणजे ७२०, दोन गिरक्या.

प्रश्न : मुलांना प्रोग्रॅम मराठीतच लिहू द्यावा का? (पालक, मिरज)

पायथॉन ३ मध्ये फंक्शनचे नाव ‘उजवीकडे_वळ’ असे देवनागरीत दिलेले चालते. पण फॉर, इफ, डेफ हे शब्द रोमनच राहतात आणि खरी अडचण कीबोर्डच्या अदलाबदलीत येते. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर कोलनऐवजी चुकून विसर्ग टंकला जाऊ शकतो. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, त्यामुळे चूक सापडता सापडत नाही. कंसात देवनागरी ४ टंकला तरी पायथॉन अडते. आमच्या मते शब्द मराठी ठेवावेत, अक्षरे रोमन.

प्रश्न : ‘व्हाइल’ दिले की रोबो थांबतच नाही, आणि ‘इफ’ दिले की एकच पाऊल टाकतो. (शिक्षक, कराड)

‘इफ’ एकदाच विचारते, ‘व्हाइल’ प्रत्येक फेरीआधी विचारते. ‘व्हाइल फ्रंट_इज_क्लिअर():’ (समोर मोकळे आहे तोवर) याच्या खाली ‘मूव्ह()’ असेल तर रोबो भिंतीशी थांबतो. त्याऐवजी खाली फक्त ‘पुट()’ (वस्तू खाली ठेव) असेल तर समोरची जागा मोकळीच राहते आणि उत्तर बदलण्याचे कारणच उरत नाही. मुलांना एकच विचारा : लूपच्या आतली कोणती ओळ हे उत्तर कधीतरी ‘नाही’ करणार आहे? ती ओळ दाखवता आली नाही तर लूप थांबणार नाही. कंसही पाहा. टर्टलमध्ये ‘फॉरवर्ड’ पुढचा कंस आतल्या आकड्यासकट राहिला तर पायथॉन चूक दाखवत नाही, कासव नुसते जागेवर उभे राहते.

प्रश्न : संगणकांवर विंडोज ७ आहे, नवे पायथॉन बसत नाही. (शिक्षक, विटा)

आवृत्ती ३.९ पासून विंडोज ७ चा आधार काढला आहे. ३.८ घ्या, टर्टलला ती पुरेशी आहे. मुलांनी आपल्या फाइलला ‘टर्टल’ हे नाव देऊ नये, नाहीतर पायथॉन खऱ्या टर्टलऐवजी तीच फाइल उघडते आणि काहीच चालत नाही.