चित्रावर वाळू उडतेय, डिस्क खराब आहे का?

मागच्या अंकात 'ब्लास्ट ऑफ सायलेन्स' या १९६१ च्या अमेरिकन क्राइम थ्रिलरच्या रिस्टोर केलेल्या, म्हणजे जुनी रीळ साफ करून काढलेल्या, ब्लू-रे डिस्कबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांतली तीन घेतोय.

सर, आमच्या ग्रुपमध्ये या पिक्चरचं नाव पण कुणी ऐकलेलं नाही. एवढा भारी असेल तर मग गाजला का नाही? आणि आहे काय त्यात नेमकं?
– एक विद्यार्थिनी, अमळनेर

ताई, गोष्ट चार ओळींची आहे. फ्रँकी बोनो नावाचा सुपारी घेणारा माणूस क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कला येतो, ख्रिसमसचे दिवस, दुकानं लायटिंगने भरलेली, आणि याला एका गुंडाला उडवायचंय. काम व्हायला वेळ आहे म्हणून तो नुसता फिरतो, रस्त्यांवर, फेरीबोटीवर, हॉटेलच्या खोलीत, आणि माझ्या मते पिक्चरचा जीव त्या फिरण्यातच आहे. ॲलन बॅरन यांनी डायरेक्ट केला आणि फ्रँकीही तेच झाले, कारण त्या रोलसाठी ठरलेल्या पीटर फॉक यांना पैसे मिळणारं दुसरं काम मिळालं. सगळं शूटिंग खऱ्या रस्त्यांवर, शेवटचा भाग तर १९६० च्या डोना चक्रीवादळात घेतलाय, तो वारा खरा आहे बरं का.

आणि तो आवाज! पूर्ण पिक्चरभर एक खरखरीत आवाज फ्रँकीला 'तू' म्हणत त्याच्याच मनातलं ऐकवत राहतो. आवाज लायोनेल स्टँडर यांचा, शब्द वाल्डो सॉल्ट यांचे, आणि हे दोघंही कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेलेले, म्हणजे त्यांना उघडपणे काम कुणी देईना, त्यामुळे स्टँडर यांचं नाव टायटल्समध्ये नाही आणि सॉल्ट यांचं आलं ते मेल डेव्हनपोर्ट अशा खोट्या नावाने. याच सॉल्ट यांना पुढे 'मिडनाइट काउबॉय' आणि 'कमिंग होम' साठी ऑस्कर मिळालं. मला तर हे वाचून फार वाईट वाटलं होतं, एवढं सुंदर लिहायचं आणि नाव लावायची सोय नाही. युनिव्हर्सलने रिलीज केला खरा, पण ७७ मिनिटांचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, मोठं नाव एकही नाही, आला तसा गेला. जुने चांगले पिक्चर डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने २००८ ला डीव्हीडी काढली आणि २०२३ ला ही नवी ब्लू-रे, त्यामुळे लोक त्याच्याबद्दल जास्त बोलायला लागले.

भाऊ, पुतण्याने अमेरिकेहून हीच डिस्क प्लेअरसकट आणून दिली. कव्हरवर ४के लिहिलंय पण टीव्ही १०८० दाखवतो, आणि सगळ्या चित्रावर बारीक वाळू उडाल्यासारखी दिसते. पोरगा म्हणतो फसवलं तुम्हाला. काय करू सांगा ना भो.
– रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, भुसावळ

काका, डिस्क परत करू नका, कुणीही फसवलेलं नाही.

आधी ४के चं सांगतो. ४के म्हणजे चित्रात आडवे साधारण चार हजार ठिपके, आणि १०८० म्हणजे उभे १०८० ठिपके, म्हणजे ४के पेक्षा कमी बारकाईचं चित्र. ते रिस्टोरेशनबद्दल आहे, डिस्कबद्दल नाही. जुनी रीळ ४के मध्ये स्कॅन करतात, मग धूळ, ओरखडे, थरथर हे एकेका फ्रेममधून काढतात, आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ७७ मिनिटांच्या लाखाच्या वर फ्रेम होतात, म्हणजे किती काम ते बघा. पण ते सगळं शेवटी साध्या ब्लू-रेवर टाकलं की १०८० मध्येच दिसणार. ४के डिस्क वेगळी येते, तिच्या कव्हरवर अल्ट्रा एचडी असं लिहिलेलं असतं.

आता वाळू. ती वाळू नाही, ग्रेन आहे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात, प्रकाश पडतो तो त्यांच्यावर आणि चित्र बनतं तेच मुळी त्या कणांचं. आपल्याकडे खापरावरच्या मांड्याला जे तांबूस डाग पडतात ते कुणी खरडून काढतं का? तसंच हे. कॉम्प्युटरवर ग्रेन पुसता येतो, काही कंपन्या पुसतातही, पण मग ग्रेनबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कोटाचं कापड, भिंतीचा पोपडा सगळं जातं आणि माणसं मेणाची दिसायला लागतात. या पिक्चरमधला थंडीतला ओला रस्ता आणि फ्रँकीचा थकलेला चेहरा त्या कणांमध्येच आहे, ग्रेन पुसला असता तर मी स्वतः तुम्हाला डिस्क परत करा म्हटलं असतं. कधी चाळीसगावला गेलात तर स्टेशनजवळच केकी मूस यांचं कलादालन आहे, तिथले त्यांचे कृष्णधवल फोटो जवळून बघा, माणसाने प्रकाश कसा पकडला ते कळेल, आणि मुलालाही सोबत न्या.

एक मात्र करा, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन (हे ग्रेन पुसतं) आणि मोशन स्मूदिंग (हे हालचाल उगाच गुळगुळीत करतं) बंद करा, शार्पनेस कमी करा. काही नव्या टीव्हीत असली ढवळाढवळ एकदम बंद करणारा फिल्ममेकर मोड असतो, असला तर तोच लावा. शार्पनेस वाढवलेला असला की ग्रेन टोचतो, निम्मी वाळू त्याचीच असेल. आणि दुपारी खिडकी उघडी ठेवून बघू नका, भुसावळच्या उन्हात ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर धुऊन निघतो, रात्री दिवे बंद करून लावा.

मला पण मागवायची आहे. माझ्या साध्या प्लेअरवर चालेल का?
– एक वाचक, धुळे

बहुतेक नाही. ब्लू-रेला रीजन असतात, म्हणजे जगाचे भाग पाडलेले, एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही, अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये आणि आपण सी मध्ये, आणि ही डिस्क रीजन ए ची आहे. भुसावळच्या काकांचा प्लेअर तिकडचाच म्हणून त्यांना अडचण आली नाही. तुम्हाला सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा रीजन फ्री प्लेअर लागेल, तो नसेल तर आधी डिस्क मागवून ठेवू नका. अल्ट्रा एचडी डिस्कला रीजनचा त्रास नसतो पण तिला प्लेअर वेगळा लागतो. सबटायटल इंग्लिशमध्येच आहेत, पण ते चालू ठेवा, त्या आवाजातलं एकही वाक्य सुटायला नको.