फिन्सवालं भांडं: गॅस किती वाचतो आणि कुठे बिघडतं

प्रश्न : आम्ही दोघं हिवाळ्यात पचमढी, चिखलदऱ्याकडे दोन-दोन दिवसांचे ट्रेक करतो. कॅनिस्टरवर (गॅसच्या छोट्या डब्यावर) फिरवून बसवायचा छोटा बर्नर आणि एक लिटरचा साधा ॲल्युमिनियमचा गंज (पातेलं) आहे. हीट एक्स्चेंजर भांडं (बुडाला धातूच्या घड्या, म्हणजे फिन्स, असलेलं) घेतलं तर गॅस निम्म्यावर येतो म्हणतात. घ्यावं का? (एक वाचक, धरमपेठ)

निम्म्यावर येत नाही. पाव ते तिसरा हिस्सा वाचतो, तोही वारा पडलेला असताना. हिशेब करून बघा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम ब्युटेन जळून साधारण ४५ किलोज्यूल मिळते. म्हणजे थोडीही उष्णता वाया गेली नाही, तरी ७ ग्रॅम गॅस जाणारच. साध्या गंजाच्या कडेने निम्मी उष्णता वर निघून जाते, म्हणून प्रत्यक्षात १४ ग्रॅमच्या घरात खर्च होतो. फिन्सवाल्या भांड्याच्या बुडाला नालीदार पट्टीचं कडं जोडलेलं असतं. गरम हवेला त्या घड्यांमधून वाट काढावी लागते आणि जाताजाता ती बरीच उष्णता धातूला देऊन जाते. मग तेच पाणी १० ग्रॅमच्या आसपास उकळतं.

लिटरमागे ४ ग्रॅम वाचले. आता भांडं तुमच्या गंजापेक्षा ७० ग्रॅमने जड असेल, तर हे जास्तीचं वजन फिटायला १७-१८ लिटर पाणी उकळावं लागेल. दोघांचा दोन दिवसांचा चहा-जेवण धरून पाच-सहा लिटरच्या वर जात नाही. तेव्हा तुमच्या ट्रेकला पाठीवर तोटाच आहे. फायदा झालाच तर उकळी लवकर येण्याचा. हिमालयात दहा दिवस रोज तीन लिटर उकळायचं असेल तर गणित उलटतं. त्यातून बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर विचारूच नका: शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायलाच ३३४ किलोज्यूल जातात, तापवणं वेगळं.

पैसे खर्च करण्याआधी आहे त्याच गंजावर झाकण ठेवा आणि आच मध्यम करा. ज्योत बुडाबाहेर डोकावली की तो गॅस आभाळ तापवतो.

मित्राचं भांडं मिळालं तर गॅलरीत मोजून बघा. पंखा नको, वारा नको. अर्धा लिटर पाणी, झाकण लावून, खळखळून उकळी येईपर्यंत. पाणी बदलून असं तीनदा करा आणि मगच कॅनिस्टर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. एकाच उकळीला पाच-सात ग्रॅम जातात, त्यात काट्याची एका ग्रॅमची चूकही मोठी ठरते. वजन करण्याआधी कॅनिस्टर पुसून घ्या. गॅस वापरताना तो गार पडतो, पावसाळ्यात त्यावर दव धरतं आणि वजनात तेही मोजलं जातं.

प्रश्न : फिन्सवालं भांडं आणलं, पण बर्नर दुसऱ्या कंपनीचा आहे. भांडं सरकतं. शिवाय उकळी यायच्या आधीच डोळ्यांना झोंबणारा वास येतो. दोष कशात? (एक वाचक, मनीषनगर)

दोष दोघांच्या जोडीत आहे. बर्नरचे तीन पाय फिन्सच्या कड्याच्या आत शिरले की भांडं खाली बसतं आणि ज्योत धातूला टेकते. ज्योतीचा आतला गडद निळा सुळका थंड धातूला लागला की तिथे गॅस अर्धवट जळतो. डोळ्यांना झोंबतं ते त्या अर्धवट ज्वलनातून. त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. तेव्हा हा वास आला की गॅस बंद. तंबूत तर कोणताच स्टोव्ह पेटवू नये, या जोडीचा अजिबात नाही.

काही भांड्यांच्या कड्याला तीन खाचा असतात. पाय त्या खाचांत नीट बसतात का ते पाहा. बसले तरी आच बारीक करून, खाली वाकून सुळका आणि फिन्स यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते का ते तपासा. दिसत नसेल तर त्या भांड्यासाठीच बनवलेला बर्नर घ्या. पाय कापण्या-वाकवण्याचे उद्योग नकोत.

आणखी एक. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा करून कॅनिस्टर चहूबाजूंनी झाकू नका. उष्णता आत कोंडून कॅनिस्टर फुटू शकतो. आडोसा एकाच बाजूला हवा. हात लावल्यावर कॅनिस्टर गरम वाटला की लगेच बंद.

प्रश्न : या भांड्यात डोंगरावर तूरडाळ शिजेल का? (एक वाचिका, रामटेक)

उष्णता जास्त मिळते म्हणून पाणी जास्त तापेल, असं होत नाही. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. ४,००० मीटरवर ते साधारण ८७ अंशांतच उकळू लागतं आणि त्यात तूरडाळ तासन्‌तास टणकच राहते. कुकर नसेल तर भिजवलेली मूगडाळ, मसूर किंवा पोहे न्या.

खिचडीही जपून. पातळ बूड, मध्यभागी आच. ढवळायला विसरलात की करपलीच. पेज उतू गेली तर फिन्सच्या घड्यांत वाळून बसते, वाट बुजते आणि पुढच्या वेळी ज्योत गुदमरून पिवळी होते. ती ओली असतानाच जुन्या टूथब्रशने काढा. तर्री ओतायला वेगळं भांडं ठेवा, तेलकट फिन्स साफ करताना नाकी नऊ येतात. चुलीवर हे भांडं चढवू नका. काजळी घड्यांत जाऊन बसली की निघत नाही. आणि रिकामं भांडं आचेवर कधीच नको. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि आत पाणी नसेल तर आधी फिन्सचेच जोड सुटतात.

प्रश्न : मे महिन्यात मनालीला जातोय. कॅनिस्टर इथूनच न्यावा का? (एक वाचक, सीताबर्डी)

नेऊ नका. गॅसचे कॅनिस्टर रेल्वेत चालत नाहीत, आणि विमानात हातातल्या किंवा चेक-इन सामानातही चालत नाहीत. तिथे पोचल्यावर घ्या, पण तुमच्या बर्नरचा आटा त्यावर बसतो का ते दुकानातच फिरवून बघा. आणि उरलेला जुना कॅनिस्टर गाडीच्या डिकीत असेल तर आजच काढा. कॅनिस्टरवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. मेमधल्या नागपुरात उन्हात उभी असलेली गाडी आतून ती सहज ओलांडते.