वाचकांचे प्रश्न : चिन्हांच्या आकृत्या काढाव्यात कशा?

प्रश्न : मी ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमच्या प्रणालीत दुकानाची सेवा बँकेच्या सेवेला पैसे वळते करण्याची विनंती पाठवते आणि उत्तर आले नाही तर पुन्हा विचारते; तरीही ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाता कामा नयेत. नव्या सहकाऱ्यांना हे समजावे म्हणून प्रोग्रॅममधील टिपणातच अधिक, उणे आणि उभी रेघ या चिन्हांनी आकृती काढावी, असे वरिष्ठ सांगतात. मी काढलेल्या आकृतीत चौकटी आणि बाण यांचे जाळे झाले. चित्रे काढण्याची इतकी साधने असताना हा जुना मार्ग कशासाठी, आणि गुंतागुंतीचा विचार त्यात बसवायचा कसा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या वरिष्ठांचा आग्रह योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगळ्या फाइलीत ठेवलेले चित्र प्रोग्रॅम बदलला तरी जुनेच राहते, कारण ते बदलण्यासाठी दुसरे साधन उघडावे लागते आणि घाईत ते कोणी उघडत नाही. टिपणातील आकृती मात्र ज्या ओळींविषयी ती बोलते त्यांच्या शेजारीच असते, शोध घेतल्यास सापडते, आणि प्रोग्रॅममधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात तिच्यातील कोणती ओळ कोणी बदलली हेही दिसते.

या पद्धतीला मोठी परंपरा आहे. इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी दस्तऐवजांत लिहिले जातात त्यांची मालिका १९६९ मध्ये सुरू झाली, आणि त्यांचा अधिकृत मजकूर साध्या ॲस्की चिन्हांत (म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजकी विरामचिन्हे यांत), ७२ चिन्हांपेक्षा लांब नसलेल्या ओळींत ठेवण्याची शिस्त कित्येक दशके पाळली गेली. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मधील आकृती, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याच्या टीसीपी या नियमावलीतील प्रत्येक संदेशाच्या आरंभी येणाऱ्या शीर्षभागाची आकृती, आपण अवश्य पाहावी. तिची प्रत्येक आडवी ओळ ३२ बिटांची आहे (बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढीच माहिती). एका बिटाला दोन चिन्हांची जागा दिली असून शेवटची सीमारेषा धरून ६५ चिन्हे होतात, म्हणजे डावीकडे समास सोडूनही ओळ मर्यादेत राहते. पहिल्या ओळीच्या अर्ध्या भागात पाठवणाऱ्याचा पोर्ट (संगणकावरील कोणता प्रोग्रॅम हे सांगणारा क्रमांक) आणि उरलेल्या अर्ध्यात घेणाऱ्याचा पोर्ट आहे, तर त्याखालचा, माहितीचा क्रम सांगणारा क्रमांक पूर्ण ओळ व्यापतो. कागदावरील रुंदी हीच तेथे बिटांची संख्या आहे. मला ही आकृती या कलेचा सर्वोत्तम नमुना वाटते, कारण तिच्यातील एकही रेघ केवळ शोभेसाठी काढलेली नाही.

आता आपल्या जाळ्याविषयी. जाळे झाले याचा अर्थ बहुधा असा की एकाच आकृतीत दोन-तीन प्रकारची नाती एकदम दाखवण्याचा प्रयत्न झाला: कोणती सेवा कोणत्या यंत्रावर चालते, कोण कोणाला विचारते, आणि आधी काय घडते व नंतर काय. ठाण्याहून वाशी आणि पनवेलकडे जाणाऱ्या लोकलचा डब्यातील नकाशा आठवून पाहा. त्यात खाडी नाही, वळणे नाहीत, अंतरेही खरी नाहीत. स्थानकांचा क्रम आणि तुर्भ्यानंतर सानपाडा व जुईनगर असे फुटणारे दोन फाटे एवढेच आहे, आणि प्रवाशाला तेवढेच हवे असते. आपणही चिन्हे मांडण्यापूर्वी एका वाक्यात लिहावे की ही आकृती कोणते एक नाते दाखवणार आहे. काळाचा क्रम दाखवायचा असेल तर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामधील बाण पुरतात. कशात काय सामावले आहे हे सांगायचे असेल तर फांद्यांचे झाड चांगले. दोन निकषांवर तुलना करायची असेल तर आकृतीपेक्षा तक्ताच बरा.

आपल्या प्रश्नात महत्त्वाचा आहे तो काळ. १ म्हणजे दुकानाची सेवा आणि २ म्हणजे बँकेची सेवा मानली, तर सारी अडचण अशी मांडता येईल:

```
१       २
|------>|  विनंती क्र. ५०१ : पैसे वळते करा
|       |  पैसे वळते झाले
|  ×<---|  उत्तर वाटेत हरवले
|------>|  तीच विनंती, क्र. ५०१
|<------|  हे काम आधीच झाले आहे
```

नव्या सहकाऱ्याला येथे दोन गोष्टी लगेच दिसतील. उत्तर न येणे म्हणजे काम न होणे नव्हे. आणि पुन्हा विचारताना विनंतीचा क्रमांक तोच ठेवल्यामुळेच बँकेची सेवा तिला ओळखू शकते. वेळमर्यादा किती सेकंदांची, नोंद कोठे ठेवली जाते, किती प्रयत्नांनंतर माघार घ्यायची, हे सर्व या आकृतीतून मी जाणीवपूर्वक वगळले आहे. त्यासाठी खाली दुसरी आकृती किंवा साधा परिच्छेद लिहावा. आकृती पडद्यावर एका नजरेत मावत नसेल तर ती दोन आकृत्यांची एक झाली आहे असे समजावे.

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण सोसायटीच्या समितीवर आहे. पाण्याच्या टाक्या आणि पंप यांची अशीच आकृती मराठीत करून मी व्हॉट्सॲपवर पाठवली, परंतु सर्व चौकटी वाकड्या झाल्या. मराठीत हे शक्यच नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शक्य आहे, मात्र चौकटीचा मोह सोडावा लागेल. अशा आकृत्या प्रत्येक चिन्ह सारख्याच रुंदीचे आहे या गृहीतकावर उभ्या असतात आणि देवनागरी ते पाळत नाही. ‘स्त्री’ हे एक अक्षर संगणकाच्या लेखी सहा संकेतांचे आहे, पण जागा मात्र सहा चिन्हांची घेत नाही. शिवाय समान रुंदीच्या अनेक फाँटांमध्ये देवनागरी नसतेच, त्यामुळे फोन तेथे दुसराच फाँट वापरतो आणि शब्दाच्या उजवीकडची रेघ सरकते. उपाय असा की शब्दाच्या उजवीकडे काही ठेवूच नये. रेघा डावीकडे आणि नाव नेहमी ओळीच्या शेवटी:

```
भूमिगत टाकी
|
+-- पंप १
|   |
|   +-- अ विंग, गच्चीवरची टाकी
|   +-- ब विंग, गच्चीवरची टाकी
|
+-- पंप २
    |
    +-- क विंग, गच्चीवरची टाकी
```

व्हॉट्सॲपवर पाठवताना आकृतीच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक चिन्हे (डावीकडे झुकलेले एकेरी अवतरणचिन्ह, `) द्यावीत, म्हणजे ती समान रुंदीच्या अक्षरांत दिसते. ओळी आखूडच असाव्यात, कारण पडद्यात न मावलेली ओळ खाली मोडते आणि आकृती विस्कटते. जगातील लिप्यांच्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात चौकटींसाठी १२८ चिन्हांचा स्वतंत्र संच आहे आणि तो देखणाही आहे, पण प्रत्येक फोनवर तो सारखा उमटेल याची खात्री नसल्याने सूचनेसाठी मी जुनी साधी चिन्हेच पसंत करीन.

एक गोष्ट मात्र कृपया टाळू नये. दृष्टिहीन रहिवासी फोनकडून मजकूर वाचून घेतात, तेव्हा त्यांना अधिक, उणे, रेघ अशी निरर्थक चिन्हेच ऐकू येण्याचा संभव असतो. म्हणून आकृतीखाली तीच माहिती वाक्यांतही द्यावी, उदाहरणार्थ : ‘पंप १ दुरुस्तीसाठी बंद असताना अ आणि ब विंगच्या टाक्या भरणार नाहीत, क विंगचा पाणीपुरवठा नेहमीप्रमाणे चालू राहील.’