अन्ननलिकेच्या कर्करोगावर शरीरात दिवा बसवून उपचार होतात का? औषधानंतर होडीवर जाता येईल का?

या उपचारात आधी प्रकाशाने जागं होणारं औषध देतात आणि मग गाठीवर प्रकाश टाकून पेशी मारतात. शरीरात बसवायचा दिवा सध्या रत्नागिरीतच काय, मुंबईतही नेहमीच्या उपचारात नाही. जपानमध्ये 2018 साली तारेविना चालणारा छोटा एलईडी उंदरांत वापरला गेला. टाके घालण्याऐवजी तो चिकट पट्टीने आत बसवला होता. खडकाला धरून बसणाऱ्या शिनाण्यांच्या चिकटपणावरून ती पट्टी सुचली! मंद प्रकाश सलग 10 दिवस द्यायचा, कारण झगझगीत प्रकाशात गाठीतला प्राणवायू लवकर संपतो आणि त्याशिवाय औषध पेशी मारत नाही.

प्रत्यक्षात वापरतात ती पद्धत दुर्बिणीची. पोरफायमर सोडियम हे प्रकाशाने जागं होणारं औषध वजनाच्या दर किलोला 2 मिलिग्रॅम शिरेतून देतात, म्हणजे 60 किलोला 120. मग 40 ते 50 तासांनी दुर्बिणीतून आत सोडलेल्या बारीक तंतूतून 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश. तो जेमतेम सेंटीमीटरभर आत जातो, त्यामुळे खोल गाठीला उपयोग नाही.

औषध त्वचेतही उरतं, म्हणून होडी मात्र किमान 30 दिवस बंद. पाण्यावरची तिरीपसुद्धा भाजते. सनस्क्रीनवर विसंबू नका, ते दृश्य प्रकाश अडवत नाही. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, टोपी, काळा चष्मा हवाच. पण काळोखात कोंडूनही घेऊ नका. घरातल्या साध्या उजेडाने त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं. महिन्याने हाताचा छोटा भाग 10 मिनिटं उन्हात धरा (चेहरा नको). 24 तासांत लाली, सूज, फोड आले तर आणखी दोन आठवडे थांबून पुन्हा पाहा.