फ्राउशिगर-रेनर विचारप्रयोगामुळे क्वांटम मेकॅनिक्स आतूनच विसंगत ठरते का?

नाही. डॅनिएला फ्राउशिगर आणि रेनाटो रेनर यांनी 2018 मध्ये दाखवले ते असे, की तीन गृहीतके एकत्र नांदत नाहीत: क्वांटमचे नियम निरीक्षकालाही लागू आहेत, एकाचा खात्रीचा निष्कर्ष दुसऱ्याला आपला म्हणून वापरता येतो, आणि मोजमापाचे उत्तर एकच असते. मेनी-वर्ल्ड्स (मोजमापाची सगळी उत्तरे वेगवेगळ्या शाखांत घडतात) मानणारे तिसरे सोडतात, कोलॅप्स सिद्धांत (अवस्था खरोखरच कोसळून एका उत्तरावर येते) पहिले, क्वांटमचा रूढ कोपनहेगन अर्थ मानणारे दुसरे.

मांडणी अशी. बंद प्रयोगशाळेत ‘अ’ क्वांटम नाणे टाकतो: छापा 1/3, काटा 2/3. छापा आला तर तो ‘ब’कडे एका कणाचा स्पिन (मोजल्यावर ‘वर’ किंवा ‘खाली’ येणारा क्वांटम गुणधर्म) ‘खाली’ करून पाठवतो. काटा आला तर ‘खाली’ अधिक ‘वर’ अशी समसमान सुपरपोझिशन, म्हणजे दोन्ही अवस्थांची बेरीज. ‘ब’ आपल्या बंद खोलीत स्पिन मोजतो. बाहेरून ‘क’ हा ‘अ’ची अख्खी प्रयोगशाळा मोजतो आणि ‘छापा वजा काटा’ ही सुपरपोझिशन (बेरजेऐवजी वजाबाकीची) मिळाली तर ओके म्हणतो. ‘ड’ तसेच ‘ब’च्या प्रयोगशाळेत ‘खाली वजा वर’ शोधतो.

आता साखळी. ‘क’ला ओके, म्हणजे ‘ब’ने ‘वर’ पाहिले. ‘वर’ म्हणजे काटाच. काटा असेल तर ‘ड’ला ओके येणे अशक्य. तरीही दोघांनाही ओके येण्याची संभाव्यता 1/12 निघते!

यावर वाद घालण्याआधी दोन क्यूबिट (क्वांटम संगणकाचे बिट) घेऊन क्वांटम सिम्युलेटरवर हे करून पाहाच. पहिला क्यूबिट नाणे (छापा 0, काटा 1), दुसरा स्पिन (खाली 0, वर 1). दोन्ही 0 पासून सुरू करा. नाण्यावर 109.47 अंशांचे आरवाय गेट (क्यूबिट फिरवून 1/3–2/3 वाटणी करणारे), मग नाण्याच्या नियंत्रणाखाली, म्हणजे नाणे 1 असेल तरच, स्पिनवर हॅडमार्ड (0 पासून ‘0 अधिक 1’ ही समसमान सुपरपोझिशन करणारे गेट). हेच गेट ‘0 वजा 1’चे 1 करते, म्हणून शेवटी ते लावून मोजल्यावर 1 म्हणजे ओके. शेवटी दोन्हींवर हॅडमार्ड लावून मोजा: 1200 फेऱ्यांत ‘11’ साधारण 100 वेळा येईल. फक्त नाण्यावर लावा, ‘10’ कधीच येणार नाही. कुठेच लावू नका, ‘01’ येणार नाही. फक्त स्पिनवर लावा, ‘11’ येणार नाही. काही सॉफ्टवेअर बिट उलट्या क्रमाने छापतात. तसे असेल तर ‘10’ आणि ‘01’ची अदलाबदल होते आणि शून्याच्या जागी पहिल्या चाचणीत 1/6, दुसरीत 1/3 दिसते.

साखळीच्या तीन कड्या म्हणजे ही तीन शून्ये, आणि ती तीन वेगवेगळ्या सर्किटांतून आलेली आहेत. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ‘क’चे मोजमाप ‘काटा’ ही नोंदच विस्कटते, तरी साखळी त्या नोंदीवर विसंबून पुढे जाते.

एक चूक मात्र सहज होते. शेवटच्या हॅडमार्डआधी नाणे मध्येच मोजले तरी ‘11’ 1/12 वेळाच येते, त्यामुळे सगळे बरोबर चालले आहे असे वाटते. पण मग फक्त नाण्यावर हॅडमार्ड लावून पाहा: जिथे शून्य हवे होते तिथे ‘10’ चक्क 1/3 वेळा येते. ‘अ’ने पाहताच अवस्था कोसळली असे धरले, की पहिलीच कडी निखळते आणि विरोधाभास उभाच राहत नाही.